पलटी मालातली खुर्ची

आमच्या बिदरच्या घरात जिन्याखाली जी जागा आहे, तिथं माझी मासेमारी ठेवलेली असते. मासेमारी म्हणजे नुसतं सामान. एक बारा फुटी काठी आहे, ती समुद्रावरची आहे हे मला घेतल्यानंतर चार महिन्यांनी कळलं. आणि बिदरहून कुठल्याही बाजूला निघालं तरी समुद्र काही लवकर लागत नाही. दोन रिळं आहेत, त्यातलं एक डावखुऱ्याचं. बुडू नये म्हणून घालायचं एक नारिंगी जाकीट आहे, ते लहान पोरांच्या मापाचं असल्यामुळे माझ्या दंडाच्या वर सरकत नाही. गमबूट आहेत, दोन्ही डाव्या पायाचे. घेताना एकच हातात दिला होता आणि दुसरा पिशवीत बांधून ठेवला होता, आणि भाव पाडल्याच्या आनंदात मी ती पिशवी घरी येईपर्यंत उघडली नव्हती.

"ह्यांच्या सामानात सगळं हाय," माझी बायको आल्यागेल्याला सांगते, "मासा तेवढा न्हाई."

हे सगळं आलं ते मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवरून. तिथं ढाब्यांची रांग संपली की एक पत्र्याचं शेड आहे. मालानं भरलेला एखादा ट्रक कुठं कलंडला, की त्यातले दबलेले, फाटलेले खोके कुणीतरी ठोक उचलतं आणि ते फिरत फिरत ह्या शेडमध्ये येतात. आम्ही त्याला पलटी माल म्हणतो. कधी पंखे, कधी दप्तरं, कधी नुसत्याच चपला. आणि वर्षाकाठी एखाद्या वेळी, कुणाचं नशीब पालथं झालेलं असेल ते असो, गळ, दोरे, तंबू, थर्मास असलं रानावनातलं सामान. शेडवाले चाचा मी बसमधून उतरताना दिसलो की उठून उभे राहतात. हा त्यांना माझ्याबद्दल वाटणारा आदर आहे अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

घासाघिशीबद्दल माझा एक सिद्धांत आहे. भाव विचारायचा कन्नडात, म्हणजे आपण इथलेच आहोत हे कळतं. पाडायचा दखनीत, कारण त्या भाषेत कितीही ताणलं तरी समोरच्याला राग येत नाही. आणि शेवटी 'ऱ्हाऊ द्या, नको' असं मराठीत पुटपुटत चार पावलं निघून जायचं. आमच्या भागात माणूस तीन भाषा शिकतो त्याचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा. मी मात्र तिन्ही भाषांत सारखाच फसलो आहे.

खरं मासे धरणारं माणूस आमच्या घरात एकच. अक्का, माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला गावातच मामाच्या घरी दिली, त्यामुळे संतपूरच्या अलीकडचं आमचं गाव आणि त्या गावामागचं तळं तिचं कधी सुटलंच नाही. लहानपणी तिची काठी म्हणजे कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवातून उरलेला कळक. तरंगायला ज्वारीच्या धाटाचा आतला पांढरा गर. विकत घ्यायचा तो फक्त गळ. संतपूरच्या बाजारात सुया, काजळ, बांगड्या मांडून एक म्हातारी बसायची, तिच्याकडं काडेपेटीत गळ असायचे. अक्का एकेक उचलून अंगठ्याच्या नखावर टेकवायची. नखावर रुतला तर चांगला, घसरला तर बोथट. मग निवडलेले गळ तळहातावर ठेवून त्यांच्याकडं नुसती बघत राहायची. बोलायची नाही, कमी करा म्हणायची नाही. बघता बघता म्हातारीलाच कसंतरी व्हायचं.

"घे गं माय, वरून एक घे, पण जा," ती म्हणायची.

तळ्यावर तर ती त्याहून गप्प. काठावर उकिडवी बसली की दोन-दोन तास हलायची नाही. पाठ वाकलेली, हनुवटी गुडघ्यावर, डोळे पाण्यावर. मी शेजारी बसून बडबडायचो आणि दर दहा मिनिटांनी तिच्या कोपराचा ढोसणा खायचो. संध्याकाळी घरात चिंच घातलेलं कालवण व्हायचं, भाकरीचा पापुद्रा फुगायचा, आणि सगळ्यात मोठा तुकडा मलाच मिळायचा, कारण मी सोबत होतो. त्या कालवणाची सर पुढं कशालाच आली नाही. जिन्याखालचं सामान मी घेत गेलो ते बहुतेक त्याच्याच मागे लागून. पण कालवण काही पलटी मालात येत नाही.

तर ह्या उकिडवं बसणाऱ्या अक्काचे गुडघे गेले. दिवाळीनंतर हैदराबादेत दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. तिचा मुलगा तिथंच नोकरीला आहे, त्यानंच सगळं केलं. पोरगा गुणाचा आहे, हे मी मामा असूनही सांगतो. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं की चाला, फिरा, खुर्चीवर बसा. पण जमिनीवर बसायचं नाही, आणि उकिडवं तर जन्मात नाही.

अक्का गावी आली आणि तिसऱ्याच दिवशी काठी टेकत तळ्यावर गेली. मी सोबत होतो. दहा मिनिटं उभी राहिली, पाय थरथरायला लागले, परत फिरली. घरी आल्यावर पलंगावर बसून म्हणाली, "पोरगा मनायलाय, कायमचीच ये. जाईन मनते."

"कामून? इथं काय कमी हाय?"

"इथं काय हाय? तळ्यावर जाऊन म्हशीवानी उभी ऱ्हाऊ? आन् घरातच बसायचं तर तिथं बसलेलं काय वाईट? लेकरू तरी दिसंल डोळ्याला."

भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली, शेत वाट्यानं दिलेलं, घरात ती एकटी. ती म्हणाली ते अगदी खरं होतं. पण ती गेली की त्या घराला कुलूप लागणार आणि मी कुठल्या गावचा, हा प्रश्न माझ्यापुढं उभा राहणार. माझ्यासाठी गाव म्हणजे अक्का. तिच्याशिवाय तिथं मला ओळखणारी दोन कुत्री आहेत आणि त्यातलं एक भुंकतं. एकंदरीत पाहता तिला पाण्याजवळ बसता येईल अशी काहीतरी सोय झाली तर ती राहणार होती, नाही झाली तर जाणार होती.

"खुर्ची नेऊ की तळ्यावर," मी म्हणालो.

शेजारच्या घरातून प्लास्टिकची खुर्ची नेली. अक्का बसली, गळ टाकला, आणि गाळात खुर्चीचे मागचे दोन पाय हळूहळू आत जायला लागले. अक्का हळूहळू आभाळाकडं बघायला लागली. मी आणि वाट्यानं शेत करणारा माणूस, आम्ही दोघांनी मिळून तिला ओढून सरळ केली.

"ऱ्हाऊ दे बाबा," ती म्हणाली. "नवे गुडघे हायत, पोरानं घालून दिलेले."

शहाण्या माणसानं बिदरमध्येच चांगल्या दुकानातून दणकट खुर्ची घेतली असती. मी बिदर ओलांडून मन्नाएखेळ्ळीला उतरलो.

चाचा उठून उभे राहिले. मी काय पाहिजे ते सांगितलं: पाय रुंद हवेत, उठताना धरायला दांडे हवेत, घडी व्हायला हवी. चाचांनी आत जाऊन अर्धा फाटलेला एक खोका ओढत आणला. त्यावरचं चित्र नेमकं फाटलेल्या अर्ध्या भागात गेलं होतं. आतून निघाली ती खुर्ची बघून मी तीन भाषांपैकी एकही बोललो नाही. स्टीलच्या पाइपची, निळ्या रेग्झिनची, कोरी करकरीत. एक दांडा तेवढा किंचित वाकलेला. चारी पायांना तळहाताएवढे रबरी बूट. बैठकीवरची गादी उचलली, तर खाली बरोबर मध्ये गोल भोक.

"चाचा, ये छेद काइकू?"

चाचांनी भोकाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या खांद्याला तेव्हा गळाची पिशवी होती.

"मछली का है, साब," ते म्हणाले. "पकडे, बैठे-बैठे अंदर छोड दिए. नीचे बकेट. उठने काच काम नै."

मला इतकं पटलं! उठायचंच काम नाही! गुडघ्यांसाठी ह्याहून चांगलं काय असणार? बाहेरच्या देशांतली माणसं माशांचासुद्धा किती विचार करतात, असं मी चाचांना म्हणालो. चाचांनी "हौ साब" म्हणून मान डोलावली. त्यांना खरं माहीत होतं की नव्हतं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. वाकलेला दांडा दाखवून मी भाव पाडला आणि उड्या मारतच बस गाठली.

बसमध्ये खुर्ची उघडी करून मधल्या वाटेत ठेवली होती, घडी नीट बसत नव्हती म्हणून. शेजारी एक म्हातारी होती. ती खुर्चीकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "घरात कोण आजारी हाय, बाबा?"

"कोण न्हाई, आजी. मासे धरायला घेतलीय."

म्हातारीनं गठुडं उचललं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

गावात पोचलो तेव्हा अक्का अंगणात पलंगावर होती आणि शेजारची काकू शेंगा फोडत बसली होती. मी खुर्ची मधोमध मांडली. शाळेत प्रयोग दाखवतात तशी प्रस्तावना केली. आधी पाय दाखवले, मग दांडे. मग गादी उचलून म्हणालो, "आन् हितून मासे सोडायचे. खाली बादली."

काकूचा शेंगा फोडणारा हात थांबला.

"अरं येड्या," अक्का म्हणाली, "दवाखान्यात एकवीस दिवस मी ह्याच्यावरच बसलेय. संडासाची खुर्ची हाय ती."

मी दवाखान्यात दर रविवारी जात होतो. पण बायकांच्या वॉर्डात दाराशीच उभा राहून फळांची पिशवी देत होतो. त्यामुळे शिक्षणात ही एवढी उणीव राहून गेली. मी त्या भोकाकडं पुन्हा बघितलं. आता ते कुठल्याच बाजूनं माशांचं दिसेना.

आणि अक्का हसायला लागली. ऑपरेशननंतर ती हसलेली मी पाहिली नव्हती. दोन्ही हातांनी गुडघे धरून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसत राहिली. "मासे सोडायचे मनं! आन् तू शाळेत शिकवायलास व्हय? काय व्हायचं त्या लेकरांचं!" काकूनं तोंडात पदर कोंबला आणि तशीच घरी गेली. अर्ध्या तासात ही गोष्ट गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोचली होती, कारण मी चहाला दूध आणायला गेलो तेव्हा दूधवाल्यानं मला आदरानं खुर्ची दिली.

परत करण्याचा प्रश्नच नव्हता. पलटी माल परत घेत नाहीत. मी ती गोठ्यात टाकून सकाळच्या बसनं निघायचं ठरवलं. सकाळी उठून बघतो तर अक्का अंगणात त्या खुर्चीवर बसलेली. गादी नीट लावलेली. दांड्यांवर तळहात टेकवून ती उठली. काठीशिवाय, कुणाच्या हाताशिवाय. परत बसली. परत उठली.

"दांडे बरे हायत," ती म्हणाली. "उठता येतंय. चल तळ्यावर."

"अक्का, लोक हसतील."

"हसतील की. चार दिवस हसतील. माझे गुडघे काय चार दिवसांचे हायत?"

मग दिवसाढवळ्या, गावाच्या मधल्या रस्त्यानं, मी ती खुर्ची डोक्यावर घेऊन पुढं आणि अक्का काठी टेकत मागं, अशी आमची मिरवणूक निघाली. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हाक मारली, "गुरुजी, तळ्याकडं जायलाव व्हय? आमी तर नुस्ता तांब्या न्हेत होतो!"

अक्काच मागून म्हणाली, "अप्पा, तुमची येळ आली की मागून न्या. भाडं घेत न्हाई."

पार हसला, पण आता म्हाताऱ्याला.

तळ्यावर रबरी बूट गाळावर पसरून बसले, तसूभरसुद्धा रुतले नाहीत. अक्कानं कणकेची गोळी लावून गळ टाकला आणि गप्प झाली. मी तीनदा बोलायला गेलो आणि तीनदा तिचा कोपर माझ्या खांद्यात बसला. खुर्चीमुळे आता तो उंचावरून यायचा. तासाभरानं दोरा ताणला गेला. वीतभर चिलापी मासा वर आला, उन्हात चमचमला. अक्कानं तो गळातून सोडवला, जराशी बाजूला सरकली, गादीचा कोपरा उचलला आणि मासा भोकातून खाली बादलीत सोडला. डुबुक.

"तुझा चाचा खोटं न्हाई बोलला," ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज जायला लागली. खुर्ची तिथंच काठावरच्या बाभळीला साखळीनं बांधलेली असायची. चोरीची भीती नव्हती, ती खुर्ची चोरून कोण कुठं बसणार? हैदराबादला जायचं नाव तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही. नाव काढलं ते तिच्या मुलानं. बुद्धपौर्णिमेची सुट्टी आहे, गाडी घेऊन येतो, येताना मोकळ्या बॅगा आणतो, असा फोन आला.

मी त्या दिवशी त्याच्या आधी पोचलो. भाच्याला तळ्यावर न्यायचं, अक्का मासा धरते तो दाखवायचा, कालवण खायला घालायचं, म्हणजे पोरगा विरघळेल, असा माझा बेत होता. बेत करताना एक साधी गोष्ट मी विसरलो. पौर्णिमेला आमच्या घरात गळाला कुणी हात लावत नाही, आणि बुद्धपौर्णिमेला तर चुलीवर मासाही चढत नाही. सकाळी अक्का पांढरं लुगडं नेसून विहारात गेली, वंदना झाली, खीर वाटली. भाचा दुपारी आला तेव्हा ती घरात नव्हती.

"माय कुठंय, मामा?"

"तळ्यावर."

"आज? आज गळ कुठं धरती ती?"

मी त्याला घेऊन निघालो. तळं उन्हाळ्यानं आटून अर्ध्यावर आलं होतं. बाभळीच्या सावलीत निळ्या खुर्चीवर पांढऱ्या लुगड्यातली अक्का बसली होती. काठी नाही, बादली नाही. हात मांडीवर.

भाचा खुर्चीकडं बघून थबकला. "मामा, ही तर..."

"फिशिंगची हाय," मी म्हणालो.

तो पुढं जाऊन आईजवळ उभा राहिला. "माय, आज कामून आलीस? आज तर मासे धरायचे न्हाईत."

"बघायला कुणी ना मनलंय? बस. बोलू नको. त्या तिथं बघ, लव्हाळ्यापाशी."

पाण्यावर एक बुडबुडा फुटला.

"मरळ हाय," अक्का म्हणाली. "ती श्वास घ्यायला वर येती. आता जाईल, परत येईल. थांब."

भाच्यानं बूट काढले. उकिडवं बसायचा प्रयत्न केला, पण त्या तंग पॅंटीत जमेना, मग सरळ मातीत मांडी घातली. मरळ परत आली. गेली. परत आली. आमच्या तिघांत कुणी बोललं नाही, आणि माझ्या आयुष्यात मी इतका वेळ पहिल्यांदाच गप्प बसलो असेन. ऊन कलल्यावर भाचा पाण्याकडं बघतच म्हणाला, "माय, तू इथं बरी हायस ते दिसायलंय मला. पण पावसाळ्यात हा बांध शेवाळतो. तू घसरलीस तर? मला तिथं झोप लागत न्हाई गं."

अक्कानं त्याच्याकडं बघितलं. तो रुसला नव्हता, हट्टाला पेटला नव्हता. खरंच त्याला झोप लागत नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला तोवर ते दिसलंच नव्हतं. मी त्याच्या मोकळ्या बॅगांकडंच बघत होतो.

"पाऊस लागला की यीन," ती म्हणाली. "दसऱ्याच्या आत आणून सोडायचं."

"दिवाळी करून ये की."

"दसऱ्याच्या आत. तळं भरलेलं असतंय तवा."

पोरगा मोकळ्या बॅगा घेऊन परत गेला आणि जूनमध्ये त्यातली एकच घेऊन आला. एका बॅगेत अक्काचं सगळं मावलं. जाताना तिनं घराची किल्ली माझ्याकडं दिली आणि म्हणाली, ऐतवारी जात जा, घर उघडं ठेव दोन घटका.

म्हणून आता दर रविवारी मी बिदरहून जातो. घर उघडतो, झाडतो, मग तळ्यावर जाऊन बसतो. साडेचारला तिचा फोन येतो. गेल्या रविवारीही आला.

"पाणी कुठवर आलं?"

"धुण्याचा दगड बुडाला."

"आन् मरळ?"

"न्हाई दिसली. तासभर झाला बसून."

"तू बोलत असशील कुणाशी तरी."

"कुणाशी बोलू? इथं कोणच न्हाई."

"माझ्याशी बोलायलास की. गप बस. फोन चालू ठिव."

मी फोन मांडीवर ठेवला आणि गप्प बसलो. पलीकडून तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता, मग तोही ऐकू येईना. पाणी हलत नव्हतं. मी डोळे ताणून लव्हाळ्याकडं बघत होतो, आणि माझ्या डाव्या हाताला, अगदी काठाशी, डुबुक झालं. मी वळेपर्यंत नुसती वर्तुळं उरली होती.

"थोरली हाय," अक्का हैदराबादहून म्हणाली. "कुठं बघायलास तू?"